खाचरातली माणसं
(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला सातवीत चित्रकला शिकवली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते आम्हा पोरांना सड्यावर घेऊन जायचे आणि ज्याला जिथे बसायचं तिथे बसा म्हणायचे. एकदा मी खालच्या भातखाचरांचं चित्र काढलं. हिरवा रंग भरपूर ओतला, मागे डोंगर काढला, वर सूर्य. गुरुजींनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि एवढंच विचारलं, "हे बांध कोणी घातले रे?" चित्रात माणूस नव्हता. मी खालमानेनं कागद परत घेतला आणि कोपऱ्यात इरलं घेतलेली एक बाई काढली.

तो प्रश्न मला चाळीसेक वर्षांनी जपानमध्ये एका डोंगरासमोर उभा असताना पुन्हा ऐकू आला. आज त्या डोंगराविषयी आणि त्याच्या भोवतालच्या वाड्यांविषयी बोलायचं आहे. वाचनालयाच्या मंडळानं विषय दिला होता 'ग्रामीण पर्यटन आणि कला'. विषय मोठा आहे. मी त्यातली एकच वाट धरणार आहे, कारण ती मी पायांनी चाललो आहे.

तोक्योहून निइगाता प्रांताकडे जाणारी बुलेट ट्रेन पकडायची, एचिगो-युझावाला उतरायचं, तिथून एका लहान गाडीनं बोगद्यांमागून बोगदे पार करत मात्सुदाई नावाच्या स्टेशनावर यायचं. स्टेशनाच्या मागच्या बाजूला पायांवर तोललेली एक पांढरी इमारत आहे. एमव्हीआरडीव्ही या डच वास्तुरचनाकारांनी ती २००३ साली बांधली. तिचं नाव 'नोबुताई', म्हणजे शेतीची रंगभूमी. तिच्या एका सज्जात उभं राहिलं की समोर हवेत अक्षरं टांगलेली दिसतात, आणि त्या अक्षरांच्या आरपार, ओढ्यापलीकडच्या उतारावर, पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं. खाचरांत निळ्या-पिवळ्या रंगाची माणसं आहेत. कुणी नांगर धरला आहे, कुणी वाकून लावणी करतो आहे, कुणी पीक कापतो आहे, कुणी भात बाजाराला घेऊन निघाला आहे. ही माणसं म्हणजे सपाट कापलेल्या आकृत्या, आणि टांगलेली अक्षरं म्हणजे त्या त्या कामाचं वर्णन. एका ठरावीक जागी उभं राहिलं की शब्द आणि शेत एकमेकांवर नेमके बसतात, एखाद्या सचित्र पुस्तकाचं पान उघडावं तसे.

हे शिल्प इल्या आणि एमिलिया काबाकोव्ह या दांपत्यानं २००० साली केलं. सोव्हिएत युनियन सोडून अमेरिकेत स्थायिक झालेले हे कलावंत. त्यांना जपानी डोंगरातल्या भातशेतीशी काय घेणं होतं, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. तो त्या जमिनीच्या मालकाच्याही मनात आला होता.

त्या खाचरांचा मालक वयस्कर शेतकरी होता. पाय दुखावलेला, शेती आता सोडून द्यावी अशा विचारात. वाडवडिलांनी डोंगर फोडून बांधलेल्या त्या बांधांवर परदेशी पाहुण्याचे पुतळे उभे करू द्यायला त्यानं साफ नकार दिला. ज्या मातीत पूर्वजांचा घाम मुरला ती नटवायची कशाला, हे त्याचं म्हणणं होतं, आणि माझ्या मते ते पूर्ण रास्त होतं. पुढे काबाकोव्हांनी काय योजलं आहे ते त्यानं नीट समजून घेतलं. हे शिल्प त्याच्याच कष्टांविषयी आहे, त्याच्या बापजाद्यांविषयी आहे, हे त्याला दिसलं, आणि त्यानं होकार दिला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेती सोडायचा विचारही त्यानं मागे टाकला. आकृत्या उभ्या राहिल्यावर पुढची काही वर्षं तो त्या खाचरांत भात लावत राहिला. झेपेनासं झालं तेव्हा, ज्या कलामहोत्सवासाठी हे शिल्प झालं त्याच्या लोकांनी ती शेती हाती घेतली, आणि अजूनही तिथे भात पिकतो. गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या उतारावर लिहिलेलं दिसलं.

आता थोडी पार्श्वभूमी सांगतो. या प्रदेशाला एचिगो-त्सुमारी म्हणतात. तोकामाची शहर आणि त्सुनान हे गाव मिळून सुमारे ७६० चौरस किलोमीटरचा मुलूख, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा मोठा. शिनानो ही जपानची सर्वांत लांब नदी यातून वाहते. कोशिहिकारी नावाचा तांदूळ इथे पिकतो, आणि तोकामाची रेशमी किमोनोंच्या विणकामासाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जाते. हिवाळ्यात इथे दोन-तीन मीटर बर्फ साचतो. छपरावरचा बर्फ माणसांनी वर चढून खाली ओढावा लागतो, नाहीतर घर खचतं. म्हणजे ज्या घरात तरणा माणूस उरला नाही, ते घर एका हिवाळ्यातही मोडू शकतं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात इथली तरुण मुलं तोक्योला गेली. शाळांचे पट आटले, शाळा बंद झाल्या, घरांना कुलपं लागली. कोकणातल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगायला नको. पावसानं वासा कुजतो तसा तिथे बर्फानं मोडतो, फरक तेवढाच.

फ्राम कितागावा हे याच निइगाता प्रांतातले, १९४६ साली जन्मलेले, तोक्योत कलादालन चालवणारे गृहस्थ. नव्वदच्या दशकात प्रांतिक सरकारनं खेड्यांसाठी एक योजना आखली, तेव्हा तिचं कलेचं अंग त्यांच्याकडे आलं. दर तीन वर्षांनी महोत्सव भरवायचा, देशोदेशीचे कलावंत बोलवायचे, त्यांनी इथल्या शेतांत, रानांत, रिकाम्या घरांत कलाकृती करायच्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा कायमच्या तिथेच ठेवायच्या. विरोध झाला, आणि जोरात झाला. रस्ते आणि बर्फ काढायची यंत्रं सोडून आधुनिक कलेवर सरकारी पैसा कशाला घालायचा, असं लोकप्रतिनिधीही विचारू लागले. पहिला महोत्सव वर्षभर पुढे ढकलावा लागला आणि अखेर २००० सालच्या उन्हाळ्यात भरला. त्या वर्षी २८ वाड्यांनी आपल्या हद्दीत कलाकृती करू दिल्या. जपानी भाषेत वस्तीला जो शब्द आहे त्याला आपला 'वाडी' हाच शब्द मला चपखल वाटतो, म्हणून मी तोच वापरतो आहे.

कितागावा वाडीवाडीत बैठका घेत राहिले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपण जेव्हा 'कलेतून पर्यटन' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर उद्घाटनाची फीत येते. तिथे आधी ओसरीवरच्या बैठकाच झाल्या. कलावंत आला की त्यानं त्या वाडीतल्या माणसांना भेटायचं, ज्याची जमीन त्याला विचारायचं, आणि काम करताना त्यांची मदत घ्यायची. शहरातून आलेली तरुण स्वयंसेवक मंडळी, ज्यांना 'कोहेबी', म्हणजे सापाची पिल्लं म्हणतात, ती याच कामासाठी वाड्यांतून राहिली. म्हाताऱ्यांबरोबर गवत काढलं, दगड वाहिले, जेवली.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

साधा हिशेबी माणूस काय करील? सगळी शिल्पं एका बागेत मांडील. वाहनतळ एक, तिकीटघर एक, उपाहारगृह एक, देखरेख सोपी. कितागावांनी जाणूनबुजून याच्या उलट केलं. शिल्पं ७६० चौरस किलोमीटरभर विखुरली. एक पाहून दुसऱ्याकडे जायचं म्हणजे घाट चढायचा, बोगदा पार करायचा, वाट चुकायची, कुणाला तरी विचारायचं. पर्यटन खात्याच्या हिशेबात हा निव्वळ वेळेचा अपव्यय ठरेल. माझं म्हणणं असं आहे की त्या वाड्यांचं पोट याच वेळावर चालतं. पाहुणा शिल्पापाशी दहा मिनिटं थांबतो. तिथे तो खिशात हात घालत नाही. तो खिशात हात घालतो वाटेत, जेव्हा त्याला तहान लागते, जेव्हा ऊन चढतं, जेव्हा पुढची बस दीड तासानं असते आणि समोरच्या घरातून भाताचा वास येतो.

मी गेलो तेव्हा ऑगस्ट होता. जपानचा ऑगस्ट आपल्या मे महिन्यासारखाच घामाघूम करतो. हातात महोत्सवाचं पारपत्र होतं. हे पुस्तिकेसारखं असतं. एकदा विकत घ्यायचं आणि प्रत्येक शिल्पापाशी त्यावर शिक्का मारून घ्यायचा. शिक्के जमवायची हौस लहानांइतकीच मोठ्यांनाही लागते, आणि माणूस 'आणखी एक पाहू' म्हणून पुढच्या वाडीला जातो. एका ठिकाणी तंबूखाली शिक्का मारायला एक आजी बसल्या होत्या. त्यांनी शिक्का मारला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि सातूच्या थंडगार चहाचा पेला हातात दिला. बशीत काकडीचं लोणचं होतं, जाड काप केलेलं, मिठात मुरलेलं. मला जपानी येत नाही, त्यांना दुसरं काही येत नव्हतं. त्यांनी बोटानं शेताकडे दाखवलं, मग स्वतःकडे. काकडी त्यांच्या शेतातली होती. मी तिथे पाऊण तास बसलो. त्या शिल्पापाशी मी पाच मिनिटंच होतो, आणि आज तुमच्यासमोर बोलताना मला आधी आठवतात त्या आजी.

त्या वाटेवरच्या दोन-तीन कलाकृती जरा जवळून दाखवतो. मात्सुदाईच्या आसपासच्या खाचरांत लाल रंगाची बुजगावणी उभी आहेत. ऑस्कर ओइवा या कलावंतानं ती २००० साली केली. या सपाट लाल आकृत्या आहेत, पण काल्पनिक नाहीत. वाडीतल्या खऱ्या माणसांना उभं करून, त्यांचा बाह्याकार घेऊन त्या कापल्या आहेत. ज्याची जेवढी उंची तेवढी आकृती. एक पोक काढून उभी आहे, एक कमरेवर हात ठेवून. पंचवीस वर्षांत त्यांतली कितीतरी वडीलधारी माणसं गेली असतील, पण खाचराच्या बांधावर ती अजून आपल्या उंचीएवढी उभी आहेत. वाऱ्यानं भात हलतं तेव्हा तीही मधूनच चालल्यासारखी वाटतात.

दुसरी जागा कुरामाता नावाच्या वाडीतली. नदीकाठच्या एका मोक्याच्या जागी लोक चोरून कचरा आणून टाकत होते. २००३ साली मार्को कासाग्रांदे आणि सामी रिन्ताला या फिनलंडच्या दोघांनी तिथे गंजू दिलेल्या पोलादी पत्र्यांच्या उंच भिंती उभारल्या, आत पांढरे गोटे पसरले, जुनी झाडं होती तशीच ठेवली. कचऱ्याची जागा बसायची जागा झाली. तिथे झोका आहे. मी गेलो तेव्हा त्यावर शाळकरी मुलगी बसली होती आणि तिची आजी नदीकडे तोंड करून शेंगा सोलत होती. पर्यटकांसाठी केलेली जागा आधी गावाची झाली, याची यापेक्षा चांगली खूण मला ठाऊक नाही.

आणि तिसरं, 'कात टाकणारं घर'. होशितोगे नावाच्या वाडीत, जिथली पायऱ्यांची खाचरं पहाटेच्या धुक्यासाठी प्रसिद्ध आहेत, तिथे एक जुनं रिकामं घर होतं. शिल्पकार जुनिची कुराकाके आणि निहोन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी पटाशी घेऊन ते अख्खं घर आतून कोरलं. तुळया, खांब, भिंती, छताची आतली बाजू, पायाखालची फळी. दोन वर्षांहून अधिक काळ ते काम चाललं आणि २००६ साली पूर्ण झालं. पटाशीचा एकेक टवका बोटाच्या पेराएवढा. शतकभराच्या चुलीच्या धुरानं काळं पडलेलं लाकूड वर, आणि टवका उडाला तिथे खालचं उजळ लाकूड. अनवाणी चाललं की तळव्यांना हजारो लहान खळगे लागतात. ते घर पाडायला निघालं होतं. आज तिथे पाहुणे रात्री मुक्काम करतात.

शिल्पवाटेचा धंद्याशी संबंध इथेच जुळतो. पाहुणा मुक्कामाला राहिला की गादी, जेवण, न्याहारी, भाजी, मिसो, लोणचं, सगळ्याला गिऱ्हाईक मिळतं. गान्न्यू नावाच्या वाडीत १९२४ साली बांधलेलं गवती छपराचं एक घर आहे. २००४ सालच्या ऑक्टोबरमध्ये या भागात मोठा भूकंप झाला, त्यानंतर ते घर रिकामं पडलं. कुंभारकाम करणाऱ्या कलावंतांनी त्यात मातीची चूल केली, हात धुण्याचं भांडं केलं, न्हाणीघर केलं. २००६ पासून वाडीतल्या बायका तिथे जेवण करून वाढतात, आणि वाढतातही त्याच कलावंतांच्या ताटवाट्यांत. जेवण काय, तर घरी रोज करतात तेच. रानभाज्या, मुळे, वांगी, वाडीतला तांदूळ. मला वाटतं, त्या बायकांना सुरुवातीला असंच वाटलं असेल, की शहरातल्या माणसाला हे कसं द्यायचं. आपल्याकडेही घावणे आणि कुळथाची पिठी पाहुण्याला वाढताना आईचा हात अडखळतोच. तिथे त्याच जेवणासाठी लोक वेळ ठरवून येतात. नोबुताईच्या उपाहारगृहातही वाडीतल्या बायकाच रांधतात.

काही गोष्टी पुढे आपोआप सुचत गेल्या. स्थानिक मालाच्या जुन्या वेष्टनांना नव्यानं रूप देण्यासाठी चित्रकार आणि आरेखक बोलावले गेले. पडीक खाचरांसाठी एक 'खाचर बँक' निघाली, ज्यात शहरातली माणसं वर्गणी भरतात, लावणी-कापणीला येतात आणि वाट्याचा तांदूळ घरी नेतात. २०१५ साली तर बायकांचा एक फुटबॉल संघ निघाला. खेळाडू मुली इथेच राहतात, सकाळी याच बांधांवर काम करतात, संध्याकाळी सराव करतात. ज्या वाडीत कित्येक वर्षांत विशीतली मुलगी दिसली नव्हती, तिथे गमबूट घातलेल्या फुटबॉलपटू चिखलात लावणी करताना पाहून एखाद्या म्हाताऱ्याला काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

आकडे द्यायला हवेत, म्हणून थोडक्यात. पहिल्या महोत्सवाला सुमारे १ लाख ६० हजार लोक आले. २०१८ साली ५ लाख ४८ हजारांच्या आसपास. २०२१ चा महोत्सव करोनामुळे पुढे गेला, तो २०२२ साली झाला आणि ५ लाख ७० हजारांचा टप्पा ओलांडला. सुमारे २०० कलाकृती आता कायमच्या तिथे आहेत, आणि त्यांना पाहायला महोत्सव नसतानाही माणसं येतात.

पण हेही ऐका. तोकामाचीची लोकसंख्या २००५ साली ६२ हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती ५० हजारांच्या खाली आली. म्हणजे शिल्पांनी गळती थांबवली नाही. हे इथे उभं राहून तुमच्यापासून लपवून ठेवणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. कलेनं गाव पुन्हा भरतं असं कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. तिथे जे घडलं ते लहान आहे आणि माझ्या लेखी फार मोलाचं आहे. जी माणसं मागे राहिली त्यांच्या हाताला काम आलं, अंगणात पावलं वाजू लागली, आणि आपल्या शेताकडे दुसरा कुणीतरी टक लावून पाहतो आहे हे त्यांना म्हातारपणी दिसलं. सत्तरीतल्या माणसाला सकाळी उठून शिक्का मारायला जायचं असणं, याची किंमत कोणत्या आकड्यात मांडायची?

एक वेगळा अनुभवही सांगितला पाहिजे. कियोत्सू नावाची दरी जपानमधल्या तीन प्रसिद्ध दऱ्यांत गणली जाते. १९८८ साली दरड कोसळून तिथे अपघात झाला आणि पायवाट बंद झाली. पुढे १९९६ साली दरी पाहण्यासाठी ७५० मीटर लांबीचा बोगदा काढण्यात आला. २०१८ साली मा यानसोंग यांच्या मॅड या वास्तुरचना संस्थेनं त्या बोगद्याचं शिल्प केलं. शेवटच्या टोकाला जमिनीवर पातळ पाणी, भिंती चकचकीत, आणि समोरची दरी पाण्यात उलटी. दृश्य अप्रतिम आहे, मीही तिथे पाणी तुडवत गेलो. पण त्याचं छायाचित्र जगभर पसरलं आणि गर्दी इतकी वाढली की मोसमाच्या दिवसांत आधी वेळ राखून ठेवावी लागते. लोक गाडीनं येतात, उलटं छायाचित्र काढतात, परत जातात. दुकानांना गिऱ्हाईक मिळतं, हे खरं. तरी तिथे मला कुणी खुर्ची ओढून दिली नाही, आणि द्यायला कुणाला सवडही नव्हती. एकाच जागी ओघ लोटला की काय हरवतं, ते मला त्या एका दुपारी कळलं.

आणि देखभाल. बर्फ पडायच्या आधी बरीच शिल्पं उतरवावी, झाकावी किंवा बंद करावी लागतात. उन्हाळ्यात भोवतीचं गवत गुडघ्याएवढं होतं, ते कापावं लागतं. २००८ साली यासाठी एक स्वतंत्र ना-नफा संस्था उभी राहिली. वर्षभर घरांची झाडलोट, छपरांची डागडुजी, शेतीची कामं ती पाहते. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या एका गावात मी काही वर्षांपूर्वी फायबरचं एक मोठं शिल्प पाहिलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचा हात निखळला आणि तो तिथेच वाळूत पडून होता. त्या गावातली मुलं त्या हातावर बसून खेळत होती. मला फार वाईट वाटलं. ते करणाऱ्या कारागिराचं कुणी नाव घेत नव्हतं, आणि त्याला पुन्हा बोलवायची तरतूदही कुणी केलेली नव्हती.

आता या वाटेवरचा एक धागा, जो थेट आपल्याकडे येतो. तोकामाचीच्या डोंगरात, एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत, १९८२ साली तोकियो हासेगावा यांनी मिथिला संग्रहालय सुरू केलं. हासेगावा मुळात संगीतातले. भारतीय लोकचित्रांवर जीव जडलेला माणूस. म्हणजे पहिल्या महोत्सवाच्या १८ वर्षं आधी त्या बर्फाच्या मुलखातल्या एका रिकाम्या शाळेच्या भिंतींवर बिहारच्या मधुबनी बायकांची चित्रं होती, आणि त्यांच्याबरोबर आपल्या वारल्यांची. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि जे २०१८ साली आपल्यातून गेले, त्यांची चित्रं तिथे आहेत. शेणाने सारवल्यासारख्या पृष्ठभागावर तांदळाच्या पिठासारखी पांढरी रेघ, गोल फेर धरलेली माणसं, भाताची लोंबी, मुंग्या, मासे. बाहेर भाताची खाचरं आणि आत भाताची खाचरं. ती चित्रं पाहताना मी परक्या देशात आहे हे विसरून गेलो. जो समाज भात लावतो त्याला दुसऱ्या भात लावणाऱ्याचं चित्र समजावून सांगावं लागत नाही, हे हासेगावांना कितागावांच्याही आधी उमगलं होतं.

मित्रहो, आपल्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं पायपीट करून, गावकऱ्यांना विचारत विचारत, ती शोधली आणि नोंदवली. अशा आकृत्यांची संख्या हजाराच्या वर आहे. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातली ९ ठिकाणं गेली. कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवी हसोळ, जांभरूण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. जांभ्या दगडात रेघ ओढायला किती बळ लागतं ते चिरेखाणीत काम केलेल्या माणसाला विचारा.

ही शिल्पवाट आपल्याला आयती मिळाली आहे. ती विखुरलेलीच आहे, कितागावांना जे ठरवून करावं लागलं ते आपल्या पूर्वजांनी आधीच करून ठेवलं आहे. म्हणूनच मला भीती वाटते. कुणीतरी उठेल आणि म्हणेल, सगळ्यांच्या प्रतिकृती महामार्गालगत एका उद्यानात मांडू, तिथेच वाहनतळ करू, तिथेच हॉटेल. तसं झालं तर वाडीत कोणीही येणार नाही. ज्या घराशेजारून सड्यावर पायवाट जाते, त्या घरात आंबोळी आणि कोकम सरबत मिळालं पाहिजे, निवास-न्याहारीची पाटी त्या घरावर लागली पाहिजे, आणि वाट दाखवायला त्याच वाडीतला मुलगा पुढे चालला पाहिजे. उक्षीच्या लोकांनी आपल्या गावच्या कातळातल्या हत्तीभोवती कठडा बांधला, तो आपण सांगितला म्हणून नव्हे, त्यांना तो आपला वाटला म्हणून. पुष्कळशी कातळशिल्पं खासगी जमिनीत आहेत. मात्सुदाईच्या त्या शेतकऱ्यासारखा नकार द्यायचा हक्क त्या प्रत्येक मालकाला आहे. त्याच्याकडे आधी गेलं पाहिजे, त्याच्या ओसरीवर बसलं पाहिजे, आणि गुरं कुठे चरायची, काजूची बाग कशी वाचवायची, पावसाळ्यात वाट बंद ठेवायची का, हे त्याच्या तोंडून ऐकलं पाहिजे. यात वर्षं जातील. तिथेही गेली.

एवढं बोलून थांबलो असतो, पण गुरुजींच्या नावाच्या व्याख्यानाला नुसतं बोलून उठायला मन होत नाही. उद्या रविवार आहे. गवत आता वाळलं आहे आणि कातळ मोकळा झाला आहे. सकाळी सात वाजता वाचनालयाच्या पायऱ्यांपाशी जमू, आणि गुरुजी आम्हाला न्यायचे त्याच वाटेनं सड्यावर जाऊ. मुलांना जरूर आणा, कागद-पेन्सिल मी आणतो. पाण्याची बाटली प्रत्येकानं आपापली घ्यावी. आकृतीवर कुणी पाय ठेवायचा नाही, कडेनं बसून पाहायचं. सड्याखालच्या घरातल्या काकूंनी सगळ्यांना पेज आणि चुलीवरचे घावणे करते म्हणून सांगितलं आहे, माणशी किती ते त्यांनीच ठरवलं आहे आणि ते त्यांच्याच हातात द्यायचं आहे. जमिनीच्या मालकांना मी काल जाऊन विचारलं. त्यांनी या म्हटलं, आणि एकच गोष्ट बजावली. जाता-येता गडग्याचं बेडं लावून घ्या, उघडं राहिलं तर गुरं आत शिरतात.